घराबाहेरचा लाकडी बॉयलर: नेमका केवढा घ्यायचा?

अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या सिरॅक्यूज, रोचेस्टर, बिंगहॅम्टन या भागात गावाबाहेर जुनं शेतघर घेणारी मराठी मंडळी आता तुरळक का होईना, पण भेटतात. घराबरोबर दहा-वीस एकर रान येतं, रानात पडझड झालेली झाडं असतात, आणि पहिल्याच हिवाळ्यात घर तापवायच्या तेलाची बिलं पाहून डोळे पांढरे होतात. मग शेजाऱ्याच्या आवारातलं ते छोट्या पत्र्याच्या खोलीसारखं दिसणारं, वर धुराडं असलेलं यंत्र, म्हणजे लाकूड जाळून पाणी तापवणारा बॉयलर, डोळ्यांत भरतं. चौकशी सुरू होते. विक्रेता विचारतो, "घर किती चौरस फूट?" तुम्ही सांगता, "दोन हजार." तो एक मॉडेल दाखवतो आणि वर सांगतो, "पण मी म्हणेन त्याच्या वरचाच घ्या. थंडीत कमी पडायला नको."

हा सल्ला ऐकायला शहाणपणाचा वाटतो, आणि बहुतेक वेळा चुकीचा असतो. या यंत्राच्या बाबतीत गरजेपेक्षा मोठं घेणं म्हणजे जास्त लाकूड, जास्त धूर आणि लवकर गंजणारी भट्टी. आणि किती मोठं घ्यायचं याचं उत्तर चौरस फुटांत नसतं. ते तुमच्या तेलाच्या जुन्या बिलांत असतं.

आधी यंत्र समजून घेऊ. आपल्याकडचा आंघोळीच्या पाण्याचा बंब आठवा: मध्ये जाळ, भोवती पाणी. हे तेच, फक्त शेकडो गॅलनचं. पोलादी भट्टीभोवती पाण्याचं कवच असतं आणि ते पाणी साधारण 180 अंश फॅरनहाइटला, म्हणजे 82 सेल्सियसच्या आसपास, राखलं जातं. तिथून जमिनीखालून पुरलेल्या दोन पाइपांतून पाणी घरात जातं, घराच्या जुन्या हीटिंगला उष्णता देतं आणि थोडं गार होऊन परत येतं. पाणी पुरेसं तापलं की भट्टीची हवेची झडप बंद होते, गार झालं की उघडते. सगळी गोम या झडपेत आहे.

झडप बंद झाली म्हणून लाकूड विझत नाही. आत पन्नास-साठ किलो ओंडके असतात, निखारे असतात, फक्त हवा नसते. मग लाकूड जळत नाही, धुमसतं. जो वायू ज्वाळेत जळून उष्णता द्यायचा, तो धूर होऊन धुराड्यातून जातो किंवा भट्टीच्या गार भिंतींवर बसतो. तिथे त्याचा काळा, चकाकणारा, डांबरासारखा थर होतो. त्याला क्रिओसोट म्हणतात. ऑक्टोबरातल्या एखाद्या उबदार दुपारी अशा गरजेपेक्षा मोठ्या बॉयलरचं दार उघडून पाहा. आधी पिवळट धुराचा लोट तोंडावर येतो. मग दिसतं की दाराच्या आतल्या कडेवरून काळे ओघळ खाली आलेत, दाराची दोरीसारखी सील त्यात भिजून चिकट झाली आहे आणि खालच्या कोपऱ्यात ओल आहे. ही ओल आम्लयुक्त असते. चांगल्या जाडीचं पोलादही ती काही हिवाळ्यांत खाते.

म्हणजे बॉयलर जितका जास्त वेळ झडप उघडी ठेवून जोमात जळेल, तितका तो चांगला. आणि मोठा बॉयलर छोट्या घराला लावला तर तो बहुतेक वेळ झडप बंद करून धुमसतच बसतो.

बिलांतून गरज काढायची कशी

अमेरिकेत उष्णता बीटीयूमध्ये मोजतात. एक पाउंड पाणी एक अंश फॅरनहाइटने तापवायला लागणारी उष्णता म्हणजे एक बीटीयू. 3,412 बीटीयू प्रति तास म्हणजे एक किलोवॅट. आपल्याला हवा तो आकडा असा: वर्षातल्या सर्वांत थंड रात्री घर उबदार ठेवायला दर तासाला किती बीटीयू लागतात?

हे रीतसर काढायची पद्धत अमेरिकेत 'मॅन्युअल जे' या नावाने ओळखली जाते. भिंती, खिडक्या, माळा, फटी, सगळं मोजून घराचा उष्णतेचा ऱ्हास काढतात. नवीन घर बांधत असाल तर तेच करा. पण घर जुनं असेल आणि दोन-तीन हिवाळ्यांची बिलं हातात असतील, तर मला बिलांवर जास्त भरवसा वाटतो. शंभर वर्षांच्या भिंतीत नेमकं काय भरलंय हे कुणी सांगू शकत नाही, पण त्या घराने किती तेल प्यायलं हे बिल सांगतं.

एक उदाहरण घेऊ. सिरॅक्यूजजवळचं दोन हजार चौरस फुटांचं शेतघर. एका हिवाळ्यात फक्त हीटिंगसाठी 900 गॅलन तेल लागलं, म्हणजे सुमारे 3,400 लिटर. एका गॅलन तेलात साधारण 1,38,500 बीटीयू असतात. तेलाची भट्टी 85 टक्के कार्यक्षम धरली, तर घराला प्रत्यक्षात मिळालेली उष्णता झाली सुमारे 10 कोटी 60 लाख बीटीयू. (तुमच्याकडे प्रोपेन असेल तर गॅलनला साधारण 91,500 धरा. नैसर्गिक वायू असेल तर बिलातला एक थर्म म्हणजे एक लाख बीटीयू.)

आता थंडी मोजायची. त्यासाठी 'हीटिंग डिग्री डे' नावाचं माप आहे. दिवसाचं सरासरी तापमान 65 अंश फॅरनहाइटच्या जितकं खाली, तितके त्या दिवसाचे अंश, आणि वर्षभराची बेरीज. 65 का, 70 का नाही? कारण माणसं, फ्रिज, स्वयंपाक आणि खिडकीतून येणारं ऊन मिळून शेवटचे काही अंश फुकट भरून काढतात. सिरॅक्यूजची ही बेरीज साधारण 6,700 आहे. ज्या हिवाळ्याचं बिल, त्याच हिवाळ्याचा आकडा घ्या. हवामान खात्याकडे तो मिळतो.

6,700 ला 24 तासांनी गुणा, आलेल्या संख्येने 10 कोटी 60 लाखांना भागा. उत्तर येतं सुमारे 660. अर्थ असा की बाहेरचं तापमान एक अंशाने उतरलं की या घराला दर तासाला 660 बीटीयू जास्त लागतात. हा एक आकडा म्हणजे तुमच्या घराचा स्वभाव. त्यावरून बाकी सगळं निघतं.

सिरॅक्यूजला हीटिंगचं गणित करताना बाहेर शून्य फॅरनहाइट, म्हणजे उणे 18 सेल्सियस, धरलं तर ते पुरेसं कडक आहे. त्याखालचे तास वर्षात फार थोडे येतात. घरात 70 हवेत. फरक 70 अंश, गुणिले 660, म्हणजे तासाला सुमारे 46,000 बीटीयू. साडेतेरा किलोवॅट. बस्स. बाजारात या घराला सहज जो बॉयलर सुचवला जाईल, तो तासाला दोन लाख बीटीयूच्या आसपासचा असतो.

यात दोन गोष्टी मिळवायच्या. आंघोळीचं आणि भांड्यांचं गरम पाणी या बॉयलरवर घेतलं, तर चौघांच्या घराला दिवसाच्या सरासरीने तासाला दीड-दोन हजार बीटीयू धरा. दुसरी गोष्ट जमिनीखालचा पाइप, आणि तिच्याबद्दल जरा थांबून बोलायला हवं, कारण सगळ्यांत जास्त पैसा तिथे नकळत जातो.

पाइपाचं गणित सोपं आहे. मिनिटाला किती गॅलन पाणी जातं, गुणिले किती अंशांनी गार होतं, गुणिले 500, म्हणजे तासाला बीटीयू. मिनिटाला 8 गॅलन वाहत असेल आणि घरापर्यंत जाऊन परत येताना वाटेत मिळून एकच अंश गळत असेल, तर तासाला 4,000 बीटीयू मातीत गेले. फोमने गच्च भरलेला, बाहेरून पाणी न शिरणारा चांगला पाइप असेल तर एवढ्यावर भागतं. पण स्वस्तात मिळतो म्हणून फॉइलची गुंडाळी असलेला पाइप टाकला, त्यात वसंतात बर्फ वितळून भूजल शिरलं, तर चार अंश गळायला वेळ लागत नाही. तासाला 16,000. हे नुकसान थंडी असो-नसो, चोवीस तास चालू. दोनशे दिवसांचा हंगाम धरला तर चांगल्या पाइपातली गळती साधारण 1 कोटी 90 लाख बीटीयू, वाईटातली त्याच्या चौपट. लाकडात सांगायचं तर एकीकडे सव्वा कॉर्ड (कॉर्ड म्हणजे सरपणाची 128 घनफुटांची रास), दुसरीकडे पाच. ज्या जमिनीवरचं बर्फ सगळ्यांआधी वितळतं आणि हिरवी पट्टी दिसते, तिथून तुमचं लाकूड चाललंय असं समजा. बॉयलर एक नंबर लहान घ्या आणि वाचलेले पैसे पाइपात घाला, हे मी कुणालाही डोळे मिटून सांगेन.

तर बेरीज: घर 46,000, गरम पाणी 2,000, चांगला पाइप 4,000. एकूण 52,000. वर पंधरा-वीस टक्के मोकळीक. म्हणजे तासाला 60,000 बीटीयूच्या आसपास देणारा बॉयलर या घराला भरपूर झाला.

ऑक्टोबरचा हिशोबही करा

विक्रेता फक्त जानेवारीबद्दल बोलतो. पण बॉयलर ऑक्टोबर ते एप्रिल चालतो. सिरॅक्यूजची जानेवारीची सरासरी 24 फॅरनहाइटच्या आसपास असते. त्या सरासरी दिवशी, फुकटची उष्णता धरून 65 पासून मोजलं तर, घराला तासाला 27,000 बीटीयू पुरतात, म्हणजे कडाक्याच्या रात्रीच्या निम्म्याहून थोडे जास्त. ऑक्टोबरात बाहेर 50 अंश असताना घराला लागतात फक्त 10,000, पाइप आणि गरम पाणी धरून 16,000. आपला 60,000 चा बॉयलर तेव्हा पाव ताकदीने चालेल. ते काही आदर्श नाही, पण चालून जातं. दोन लाखांचा असता तर तो आठ टक्क्यांवर चालला असता, म्हणजे दिवसभर धुमसत बसला असता.

अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेचे, म्हणजे ईपीएचे, नियम इथे उपयोगी पडतात. 2015 पासून नवीन यंत्रांना धुराच्या कणांची मर्यादा आली आणि मे 2020 पासून ती आणखी कडक झाली: दिलेल्या प्रत्येक दहा लाख बीटीयूमागे 0.10 पाउंड. त्यासाठीची चाचणी एकाच वेगाने होत नाही. पूर्ण ताकदीपासून ते पंधरा टक्क्यांच्या खालच्या मंद जळणापर्यंत वेगवेगळ्या टप्प्यांवर होते. प्रमाणित यंत्रांच्या ईपीएच्या यादीत आठ तासांचं सरासरी उत्पादन आणि कार्यक्षमता दिलेली असते. जाहिरातीतला मोठा आकडा बहुतेक वेळा क्षणिक उच्चांक असतो. नव्याने भरलेली भट्टी पूर्ण पेटल्यावर तासभर तेवढं देईलही, रात्रभर देणार नाही. आपल्या 60,000 ची तुलना आठ तासांच्या आकड्याशी करायची. 'अमुक चौरस फुटांपर्यंत' हे तर वाचूच नका. उबदार टेनेसीतलं घर आणि कडाक्याच्या थंडीच्या मिनेसोटातलं घर त्या वाक्यात एकच धरलेलं असतं.

मग लोक मोठा बॉयलर का घेतात? भीती हे एक कारण. खरं कारण मला वाटतं निराळं आहे: दिवसातून एकदाच लाकूड घालायचं असतं. मोठी भट्टी, एकदा भरली की दुसऱ्या संध्याकाळपर्यंत बघायला नको. म्हणजे उष्णतेसाठी नाही, सोयीसाठी आकार वाढतो. या सोयीचंही गणित करून पाहा. कडाक्याच्या रात्री 12 तासांत 52,000 च्या हिशोबाने सव्वासहा लाख बीटीयू लागतील. बॉयलर 65 टक्के कार्यक्षम धरला आणि वीस टक्के ओलाव्याच्या कडक लाकडात पाउंडाला साधारण 6,400 बीटीयू, तर लागतात 150 पाउंड, म्हणजे 68 किलो. ओंडके काही अगदी गच्च बसत नाहीत, तेव्हा सात-आठ घनफूट भट्टी हवी. सकाळी एकदा, रात्री एकदा, तेही फक्त सर्वांत वाईट आठवड्यात. बाकी हिवाळा याच्या निम्म्यावर.

ज्याला याहूनही निवांतपणा हवा, त्याने भट्टी मोठी करू नये, पाण्याची टाकी घ्यावी. बॉयलर आणि घर यांच्यामध्ये एक मोठी, चांगली वेष्टण केलेली टाकी. 1,000 गॅलन पाणी 50 अंशांनी तापलं की त्यात सव्वाचार लाखांच्या आसपास बीटीयू साठतात. शून्य फॅरनहाइटच्या रात्री ते आठ तास पुरतात आणि ऑक्टोबरात एक दिवसापेक्षा जास्त. बॉयलरला मग धुमसायची वेळच येत नाही. एकदा पेटवा, पूर्ण जोरात जळू द्या, उष्णता टाकीत भरा, विझू द्या. जर्मनीत लाकडी बॉयलरला अशी टाकी कायद्यानेच लागते: किलोवॅटमागे किमान 55 लिटर. जागा आणि पैसा दोन्ही लागतात हे खरं, पण भट्टी लहान चालते आणि टिकते.

आजकालची बरीच प्रमाणित यंत्रं गॅसिफिकेशनवर चालतात. म्हणजे धूर बाहेर न सोडता खालच्या किंवा मागच्या उष्णतारोधक विटांच्या कप्प्यात नेऊन पुन्हा जाळतात. ही यंत्रं छान आहेत, पण ओलं लाकूड त्यांना अजिबात चालत नाही, आणि सतत चालू-बंद झाली की तो कप्पा गार होऊन त्यांचाही धूर होतो. म्हणून आकार बरोबर असण्याचं महत्त्व इथे उलट वाढतं. परत येणारं पाणी फार गार भट्टीत शिरू नये यासाठी तापमान बघून पाणी मिसळणारा व्हॉल्व्हही बसवून घ्या. साधारण 140 अंशांच्या खालचं पाणी परतलं की भट्टीच्या भिंतीवर दव धरतं, आणि मग तीच गंजाची गोष्ट.

पाइपाची जाडी पटकन सांगतो. एक इंची पेक्स (प्लास्टिकच्या) पाइपातून मिनिटाला 8 गॅलन जातात आणि पाणी घरात वीस अंशांनी गार होतं असं धरलं, तर तासाला 80,000 बीटीयू जातात. आपल्या घराला पुरेसं. दीड-दोन लाखांचा बॉयलर घेऊन तोच पाइप टाकणारे पुष्कळ आहेत. जास्तीची उष्णता घरापर्यंत पोचतच नाही, आणि नाव मात्र बॉयलरचं खराब होतं.

लाकूड किती लागेल? अमेरिकेत सरपण कॉर्डात मोजतात: चार फूट उंच, चार फूट रुंद, आठ फूट लांब, 128 घनफूट. साखर मेपल किंवा लाल ओकच्या वाळलेल्या कॉर्डात साधारण 2 कोटी 40 लाख बीटीयू असतात, पांढऱ्या पाइनच्या कॉर्डात दीड कोटीच्या आसपास. 'फेस कॉर्ड' म्हणून जे विकतात ते बहुधा याच्या तिसरा हिस्सा असतं, तेव्हा भाव ठरवण्याआधी मापाचं विचारा. आपल्या घराला पाइप आणि गरम पाण्यासकट हंगामात साडेतेरा कोटी बीटीयू लागतात. 65 टक्क्यांच्या बॉयलरवर पावणेनऊ कॉर्ड, म्हणजे चार फूट उंच-रुंद आणि सत्तर फूट लांब अशी रास. चाळीस टक्के कार्यक्षमतेने धुमसणाऱ्या जुन्या मोठ्या यंत्रावर चौदा कॉर्ड, रास 112 फूट. हा फरक तुम्हालाच फोडायचा, रचायचा आणि वाहायचा आहे.

ओलावा मोजायचं छोटं यंत्र जरूर घ्या, पण ते ओंडक्याच्या बाहेरून लावू नका. ओंडका तिथल्या तिथे फोडा आणि आतल्या ताज्या बाजूवर टोचा. बाहेरून 18 दाखवणारा ओक आतून सहज 30 निघतो. फोडून रचलेल्या ओकला वाळायला दोन उन्हाळे द्यावे लागतात, ॲशला एक पुरतो. एमराल्ड ॲश बोरर या किड्याने या भागातली ॲशची झाडं झपाट्याने मारली आहेत. मेलेली ॲश स्वस्त मिळते, पण न्यूयॉर्कात प्रक्रिया न केलेलं सरपण मूळ जागेपासून 50 मैलांपलीकडे नेता येत नाही.

बॉयलर कुठे ठेवायचा यावरही नियम आहेत. न्यूयॉर्क राज्यात 2011 पासून नवीन घरगुती यंत्र शेजाऱ्याच्या हद्दीपासून किमान 100 फूट दूर हवं आणि धुराडं जमिनीपासून किमान 18 फूट उंच. काही गावांचे नियम याहून कडक आहेत, काही ठिकाणी सरळ बंदी आहे. तेव्हा आगाऊ रक्कम देण्याआधी टाउन ऑफिसात विचारा. शंभर फुटांच्या नियमामुळे पाइप लांबतो, आणि पाइप लांबला की वरचा 4,000 चा आकडा वाढतो. जागा पक्की झाल्यावर बेरीज पुन्हा करा.

माळ्यावर सेल्युलोज (उष्णता अडवणारा भराव) भरायचा, तळघराच्या फटी बुजवायच्या असं मनात असेल तर ते आधी करा, बॉयलर नंतर. 660 चा आकडा 500 वर आला तर थंड रात्रीची गरज 46,000 वरून 35,000 होते, आणि मग साठ हजारांचा बॉयलरही जरा मोठाच ठरतो.

आणि जुनी तेलाची भट्टी काढून टाकू नका. उणे 25 सेल्सियसची एखादी रात्र आली, तुम्ही भारतात गेलात, पाठ धरली, अशा वेळी ती आपोआप सुरू होईल अशी जोडून ठेवा. ती मागे असली की बॉयलर लहान घ्यायचं धाडस होतं. फक्त वीज गेली तर दोन्ही बंद पडतात. बॉयलरचा पंप थांबला की भट्टीतली उष्णता पाण्यातच साठत राहते, झडप बंद असली तरी निखारे जळतच असतात, आणि पाणी उकळून वाफेच्या नळीतून बाहेर पडू लागतं. पंप, पंखा आणि झडपेचा कंट्रोल यांना पुरेल एवढा लहान जनरेटर असला तर काम भागतं. तो डिसेंबरच्या आधी एकदा सुरू करून पाहा.